छपरावरचा दात

दात पडला तेव्हा मी आधी घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं. साडेदहाला दहावीचा पेपर सुरू होणार होता, आणि तो सुटेपर्यंत त्या रस्त्यावर गाडी सोडायची नाही असा हुकूम होता. दात तळहातावर थुंकला, रुमालाच्या कोपऱ्यात बांधला, रुमाल खिशात घातला आणि बॅरिकेडवर हात ठेवून उभी राहिले. पावणेदोनला मुलं बाहेर पडली, मस्टरवर सही केली, मग घरी गेले.

मी होमगार्ड आहे, निपाणीत, चौदा वर्षं झाली. एरवी घरी ब्लाउज शिवते. बोलावणं आलं की खाकी चढवते: परीक्षा, निवडणूक, उरूस, मंत्र्याचा दौरा. पोलिसांच्या शेजारी उभी राहते, त्यांच्याइतकंच ऊन खाते, पण तू पोलीस नाहीस हे मला कुणी ना कुणी सांगतंच. भाजीवाली सांगते, रिक्षावाला सांगतो, पोलीस तर सांगतातच. त्या दिवशी त्यानंही सांगितलं आणि मग हात उचलला.

ती शाळा वखारींच्या रस्त्यावर आहे. आमच्याकडे तंबाखूच्या गोदामाला वखार म्हणतात. रस्त्याच्या टोकाला गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याची वखार आहे आणि व्यापाऱ्याचा पुतण्या ती सांभाळतो. पस्तिशीचा गडी, पांढरी गाडी. बॅरिकेडला गाडीचं नाक टेकवून त्यानं हॉर्न वाजवला. मी हलले नाही तेव्हा उतरला.

"बाजूला घे ते."

"गाडी हितंच लावा आणि चालत जावा. पेपर सुटला की सोडते."

"माझ्या वखारीला मी चालत जाऊ?"

"दोनशे पावलं हाईत."

"तू कोण गं मला पावलं मोजून देणारी? पोलीस हाईस व्हय? भाड्यानं आणलेली खाकी घालून उभारलीयास आणि मला शिकवतीस?"

"खाकी कुणाचीबी असू दे. गाडी मागं घ्या."

उलट्या हातानं मारलं. त्या हातात अंगठी होती. डाव्या बाजूचा वरचा दात गेला आणि ओठ आतून फाटला.

शाळेच्या गेटवर एक हवालदार होता, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला. तो धावत आला. त्यानं मारणाऱ्याला धरलं खरं, पण कॉलर धरून नाही, कोपराला हात लावून. पाहुण्याला बसवावं तसं गाडीत बसवलं, दार लावलं, "होग्री, होग्री," जावा जावा म्हणत गाडी मागं घालवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, तोंड धुवून घे."

दोन वर्षांपूर्वी उरुसात एका शिपायाच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. तासाभरात तिघांना बनियनवर उचलून आणलं होतं. त्या बंदोबस्तात मीही होते, म्हणून माहीत आहे. बटणाला तीन माणसं आणि माझ्या दाताला नळ.

घरी सासू होती. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस पुणे-बेंगळूर रस्त्यावर, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. सासूला मी आत्ती म्हणते. आत्तीनं एकतीस वर्षं वखारीत तंबाखू चाळला, त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत, त्याच्या बापाच्या वेळेपासून. तिच्या तोंडात आता एकही दात नाही. माझं तोंड बघून ती उठली. चुलीजवळची मिश्रीची डबी आणली आणि चिमूटभर मिश्री दाताच्या खड्ड्यात बोटानं दाबून बसवली. तंबाखू भाजून केलेली ही पूड आमच्याकडे दात घासायला आणि जखमेलाही तीच. रक्त थांबलं. गुंगी आली, मी भिंतीला टेकून अर्धा तास पडले.

उठले तर रुमाल धुऊन वाळत घातलेला.

"आत्ती, दात?"

"टाकला की छपरावर. शेणात घालून."

लहान मुलांच्या दुधाच्या दाताचं आमच्याकडे हेच करतात. माझ्या दोन्ही मुलींचे दात तिनंच टाकले होते. पंचेचाळीस वर्षांच्या सुनेचा दातही तिनं त्याच सवयीनं टाकला. पडलेला दात घरात ठेवायचा नसतो, एवढंच तिला माहीत. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. पडलेल्या दाताचा काय उपयोग?

चारला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता, कन्नड बोलणारा. बॅटरी लावून त्यानं तोंडात बघितलं. खड्ड्यात काळी पूड, हिरड्या काळ्या. तीस वर्षं रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्या असतात तशाच होत्या.

"हल्लू एल्ली?" दात कुठे आहे?

"छपरावर."

पट्टी बांधणारी नर्स हसली. डॉक्टर हसला नाही, त्यानं लिहिलं: ओठाला चीर, साधी दुखापत. एक दात नाही, तंबाखूचं व्यसन, हिरड्यांचा जुना आजार, दात केव्हा व कशाने पडला ते सांगता येत नाही.

त्यानं खोटं काहीच लिहिलं नाही. जे दिसलं ते लिहिलं. त्याला जे दिसलं ते आत्तीनं बोटानं दाबून बसवलं होतं आणि जे दिसायला हवं होतं ते तिनं कौलांवर फेकलं होतं.

केस झाली. तिसऱ्या दिवशी पुतण्या जामिनावर सुटून वखारीत बसला. मी ठाण्यात गेले तर लिहिण्याच्या टेबलावर तोच गेटवरचा हवालदार. मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. माझी समजूत काढायची म्हणून त्यानं मला कायदा सांगितला. त्याचे मी आजही आभार मानते, कारण त्याला वाटलं तसा त्या कायद्याचा उपयोग झाला नाही.

"हे बघ आक्का, ड्युटीवरच्या माणसाला मारलं की पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण 'पर्यंत' म्हंतोय मी. साधी दुखापत असली तर जज्ज नुसता दंड घेऊनबी सोडू शकतो. पहिलाच गुन्हा, चांगल्या घरचं पोरगं, सुटतंय त्ये. दात मोडला असं कागदावर आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कायद्याला मोडलेलं हाड आणि मोडलेला दात सारखाच. गंभीर दुखापत. ड्युटीवरच्या माणसाला गंभीर दुखापत केली की वर्षाच्या खाली जज्जालाबी येता येत न्हाय. वर दहापर्यंत."

"खाली एक वर्ष?"

"कमीत कमी. पण तुझा दात तर छपरावर. राजी माडकोरी. मिटवून टाक."

मी चहा पिऊन उठले. ठाण्यापासून घरापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात माझं ठरलं. पुतण्यानं माफी मागावी असं मला वाटत नव्हतं. माफी तो सकाळी मागून दुपारी विसरला असता. मला तो हिंडलग्याच्या तुरुंगात हवा होता, एक वर्ष, सकाळच्या हजेरीला रांगेत उभा.

घरी येऊन आत्तीला म्हटलं, "शेजारची शिडी आणते. दात खाली काढायचा."

"न्हाय."

"आत्ती, त्याच्यावाचून केस टिकत न्हाय."

"छपरावर दिलेलं परत मागत न्हाईत. माझ्या माहेरी एकीनं घेतलं परत. तिचा दादला बाजाराला गेला त्यो आलाच न्हाय. माझा लेक रस्त्यावर असतोय. शिडी लावशील तर बघ."

माझा त्यावर विश्वास नाही. पण घर तिचं, छप्पर तिचं, आणि ट्रकला काही झालंच असतं तर जन्मभर ते माझ्या माथी आलं असतं. मी शिडी आणली नाही. आठ दिवस ब्लाउज शिवत अंगणातून कौलांकडे बघत होते. कावळा बसला की हाकलायला उठायची.

आठव्या दिवशी सकाळी व्यापारी स्वतः आला. पुतण्या नाही, काका. गाडी लांब उभी करून चालत आला, हातात सफरचंदांची पिशवी. आत्ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. त्याच्या बापासमोर ती अशीच उभी राहत असणार.

"मावशी, बऱ्या हाईसा न्हवं?"

"व्हय मालक. बसा."

मी मशीनवरून उठले नाही. तो खुर्चीत बसला आणि माझ्याशी बोलू लागला. चांगला बोलतो. गावातली निम्मी भांडणं त्याच्याच ओट्यावर मिटतात.

"आक्का, पोरगं तापट हाय. हात उचलला, चुकलंच. मी काय त्याची बाजू घ्यायला आलो न्हाय. पण कोर्ट-बीर्ट कशाला? आपण एका गावची माणसं. त्याला आणून पाया पडवतो. दात बसवून देतो. म्हणशीला तर सोन्याचा बसवतो."

"सोन्याचा कशाला अण्णा? त्याचाच एक काढून द्या. माझ्या मापाला बसतो का बघते."

तो हसला. वाईट वाटून न घेण्याची त्याला सवय आहे. मग आत्तीकडे वळला. तिला आपल्या बाजूला घ्यायला तिच्या ओळखीचं काहीतरी बोलावं, असं त्याच्या मनात असेल.

"मावशी, सांगा की सुनंला. एका दाताचं काय घिऊन बसलीया! तुमचं तर समदं बोळकं आमच्या वखारीत झालं. तुम्ही कुणावर केस केलीसा?"

गंमत म्हणून बोलला. मी आत्तीकडे बघितलं. ती हसली नाही. तिचा हात तोंडाकडे गेला आणि परत खाली आला. मग तिनं सफरचंदांची पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही घिऊन जावा मालक. दात न्हाईत मला, ह्ये चावत न्हाय."

"अवो मावशी, चेष्टा केली..."

"व्हय. कळली की."

तो गेला. आत्ती दारात उभी राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत होती. आमच्याकडे एकतीस वर्षांत तो एकदाच आला होता, आणि आला तो हे बोलून गेला. ती आत आली, पदर कमरेला खोचला.

"शिडी आण."

"आणि तुमचा लेक?"

"त्याचं मी बघते देवाजवळ. तू शिडी आण."

मी शिडी आणली पण वर चढले नाही. चौदा वर्षं पोलिसांबरोबर उभी राहिल्यावर एवढं कळतं: मी हातानं काढलेला दात म्हणजे माझ्या हातातला दात. पोलिसानं पंचांसमोर काढला तरच तो पुरावा. हवालदाराला फोन लावला.

"छपरावर मी चढू? ह्या वयात? आक्का, वेडी झालीस काय?"

"साहेब, माझा पुरवणी जबाब व्हायचाय अजून. त्या दिवशी त्याला कोपराला धरून गाडीत कुणी बसवलं, दार कुणी लावलं, ते त्यात लिहायचं राहिलंय."

"पंच कोण हाईत?"

"दोघं बसवून ठेवलेत. चहा झालाय त्यांचा."

अर्ध्या तासात आला. बूट काढून, पँट दुमडून शिडी चढला. आत्ती खालून सांगत होती, "डावीकडं. अजून डावीकडं. कोन्याच्या कौलाखाली बघा." तिचा नेम मला माहीत होता, दोन पिढ्यांचे दात तिनं एकाच कोपऱ्यात टाकले होते. हवालदारानं शेणाचे चार वाळके गोळे काढले. एक तर पार उन्हानं दगड झालेला. पंचांसमोर कागद पसरून फोडले. चार दात.

"यातला तुझा कुठला म्हणायचा?"

"तीन दुधाचे हाईत, मुळं न्हाईत त्यांना. बघा की. मूळ असलेला एकच हाय."

त्यानं तो उचलून उजेडात धरला. मी जवळ जाऊन बघितला. दात आणि दोन मुळं. एक मूळ टोकापर्यंत निमुळतं. दुसरं अर्ध्यावर संपलेलं, आणि संपलं होतं तिथं कड धारदार.

वीस वर्षं मी मशीन चालवते. झिजलेली सुई आणि मोडलेली सुई यातला फरक मला डोळे झाकून कळतो. झिजलेली सुई आख्खी हातात येते. मोडलेल्या सुईचं टोक कापडातच राहतं, आणि गिऱ्हाइकाला टोचायच्या आत ते शोधून काढावं लागतं. इतके दिवस माझा जबडा आतून टोचत होता. मला वाटलं होतं जखम आहे. मी जीभ खड्ड्यावर दाबली आणि टोक कुठं आहे ते मला कळलं.

दात आगपेटीत घालून, लाख लावून, पंचांच्या सह्या घेऊन हवालदार घेऊन गेला. मी दातांच्या डॉक्टरणीकडे गेले. तिनं फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. वरच्या हाडात, खड्ड्याच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा.

"रोगानं पडलेला दात मुळासकट आख्खा येतो," ती म्हणाली. "हा मोडलाय. जोरात मार लागल्याशिवाय असं मोडत नाही. बसा, पाच मिनिटांत काढून टाकते."

"काढायचा न्हाई."

"का?"

"लिहून द्या आधी. मग सरकारी डॉक्टरला दाखवायचाय. मग कोर्टाला. विचारलं तर परत फोटो काढता यायला पायजे."

"अहो, पू होईल. गाल सुजेल. कोर्टाला किती दिवस लागतील कुणाला माहीत!"

"होऊ दे."

तिनं लिहून दिलं. सरकारी डॉक्टरनं फोटो, आगपेटीतला दात आणि माझं तोंड तिन्ही शेजारी ठेवून बघितलं. मूळ आणि तुकडा जुळत होते. त्यानं आधीचं मत बदलून गंभीर दुखापत असं लिहिलं. त्यात त्यानं कमीपणा मानला नाही, हे मी त्याच्या खात्यावर ठेवते. कलम वाढलं. जामीन नव्या कलमाला चालेना. एका मंगळवारी दुपारी पुतण्याला वखारीतून उचललं, कोपराला धरून नाही. अकरा दिवस तो हिंडलग्याला होता. ते अकरा दिवस माझा हात असा चालला की लग्नसराईची सगळी शिलाई वेळेत गेली.

पुढचं सव्वा वर्ष मी तो तुकडा जबड्यात बाळगला. तीनदा गाल सुजला. एकदा डोळा बंद होण्याइतका. गोळ्या खायची, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, उजव्या बाजूनं चावायची. नवरा येऊन ओरडायचा, "काढून टाक की गं, मरशील तिच्यायला एका दातासाठी." आत्ती त्याला म्हणायची, "तू गप रे. तुला काय कळतंय." तिनं त्या वर्षी मिश्री सोडली. दात नसताना मिश्री सोडून काय मिळणार होतं ते तिला ठाऊक, पण त्या वखारीचा तंबाखू तिनं परत तोंडाला लावला नाही.

कधीकधी पाच-सहा दिवस दुखायचं नाही. मग मीच जीभ लावून दाबून बघायची. कळ आली की बरं वाटायचं. आहे जागेवर.

केस वरच्या कोर्टात, चिक्कोडीला गेली. माझी साक्ष दीड तास चालली. प्रश्न कन्नडमध्ये, उत्तरं मी मराठीत देत होते. त्याचा वकील बेळगावहून आलेला, गुळगुळीत माणूस.

"तुम्ही मिश्री लावता?"

"लावते."

"किती वर्षं?"

"तीस."

"म्हणजे तंबाखूचं व्यसन आहे."

"हाय की. तुमच्या अशिलाच्याच वखारीतला तंबाखू. चांगला असतोय."

मागं कुणीतरी हसलं. जज्जांनी वर बघितलं, हसू थांबलं.

"दात मोडला असता तर कुठलीही बाई धावत दवाखान्यात गेली असती. तुम्ही साडेतीन तास बॅरिकेडवर उभ्या होता. खरं ना?"

"खरं."

"मग दात मोडला होता असं कसं मानायचं?"

"उभं राहायला दात लागत न्हाईत साहेब. ड्युटी पावणेदोनपर्यंत होती."

मग त्यानं शेवटचं ठेवलेलं काढलं. होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे, शिवणकाम करणारी बाई, दिवसापुरती आणलेली. तिला मारलं तर दोन नागरिकांतलं भांडण, सरकारी माणसावरचा हल्ला कसा होईल? तेच वाक्य होतं, भाड्याच्या खाकीचं, फक्त कोट घालून आलेलं. सरकारी वकिलानं मस्टर पुढं केलं. साडेनऊला सही, पावणेदोनला सही, मधल्या वेळेत जागा सोडलेली नाही. मी तोंड धुवायला गेले असते, दवाखान्यात धावले असते, तर मधे एक भोक राहिलं असतं आणि त्यातून तो बाहेर पडला असता.

हवालदाराची साक्ष माझ्यानंतर झाली. त्यानं मारताना बघितलं, रक्त बघितलं, दात छपरावरून काढला, सगळं सरळ सांगितलं. "मी आरोपीला जागेवर धरलं," असंही म्हणाला. पुढं काय केलं ते त्याला कुणी विचारलं नाही आणि मी माझ्या जबाबात घातलं नव्हतं. आमच्या दोघांत तेवढंच ठरलं होतं. त्याच्यावरचा माझा राग संपलेला नाही, पण माणूस मला कामाला आला, म्हणून त्याला सोडलं.

निकालाच्या दिवशी मी खाकीत गेले. ड्युटी नव्हती, तरी. जज्जांनी वाचलं: ड्युटीवर बोलावलेला होमगार्ड हा लोकसेवकच असतो, आणि तिनं कर्तव्य करू नये म्हणून तिला गंभीर दुखापत केल्याचं सिद्ध होतं. मग शिक्षेवर बोलायला वकील उभा राहिला. पहिला गुन्हा आहे, दोन लहान मुलं आहेत, आई आजारी असते, समाजात नाव आहे, दंड कितीही लावा. जज्जांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"या कलमात मला एक वर्षाच्या खाली येता येत नाही."

मी वर्षापूर्वी हेच वाक्य ठाण्याच्या स्टुलावर ऐकलं होतं. आता ते त्याच्याकडे बघत ऐकलं. त्यानं मान खाली घातली होती. नाही, मला दया आली नाही. लोक विचारतात म्हणून लिहिते. मुलं मलाही आहेत, त्याची त्या दिवशी नव्हती का?

एक वर्ष सक्तमजुरी. आणि लगेच, अपिलाची मुदत आहे म्हणून, त्याच कोर्टातून जामीन. दुपारी तो गेटमधून चालत बाहेर पडला. मी सरकारी वकिलाला विचारलं, अपील किती दिवस चालेल?

"वर्ष. दोन वर्षं. सांगता येत नाही."

"पण खाली एक वर्षच?"

"शिक्षा कायम राहिली तर एक दिवस कमी होणार नाही."

"मग चालू दे."

त्याच आठवड्यात डॉक्टरणीकडे जाऊन तुकडा काढला. पाच मिनिटं म्हणाली होती, पाऊण तास लागला, हाड वेढून बसलं होतं. काचेच्या कुपीत घालून घरी आणला. आत्तीनं हात पुढं केला.

"दे, टाकते."

"अपील हाय अजून."

"बरं, बरं," म्हणून तिनं हात मागं घेतला.

यंदा परीक्षेच्या बंदोबस्ताला मी तीच जागा मागून घेतली. नव्या हवालदाराला कारण सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी दहाच्या सुमाराला पांढरी गाडी वळणावर आली. मला बघितलं आणि तिथंच थांबली, बॅरिकेडपासून चांगली लांब. नियमात बसत होती. मी शिट्टी वाजवली. पुतण्यानं काच खाली केली.

"मागं घ्या."

"हितं चालतंय की."

"मागं."

गाडी दहा फूट मागं गेली.

"अजून."

विजेच्या खांबापर्यंत गेली. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीवाला हातातलं काम टाकून बघत होता. गिरणीच्या पुढं नाला आहे, म्हणून मी तिथं थांबवली. तो उतरला, दार लावलं, माझ्याकडे न बघता बॅरिकेडच्या कडेनं आत शिरला आणि वखारीकडे चालू लागला. आता दोनशे पावलं नव्हती. तो वखारीच्या दारात पोचेपर्यंत मी मोजली. तीनशे साठ.

अजून पाच पेपर बाकी आहेत.